नानांना घेऊन बुलढाण्याला

जानेफळच्या थांब्यावर मेहकरची गाडी आली, आणि आम्हाला पोचवायला आलेल्या मंडळींनी ती तशीच अडवून धरली. कंडक्टर घंटी वाजवून थकला. कोणी सांगत होते, बुलढाण्याचे दूध म्हणजे नुसते पाणी. दुसरा म्हणत होता, तिथे पाणी तरी कुठे आहे. शेजारच्या सखूकाकूंनी खिडकीतून हात घालून माझ्या मांडीवर सांजोऱ्यांचा (रवा-गूळ भरलेल्या पुऱ्यांचा) डबा ठेवला आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "कमल, जावयाले नवा पत्ता धाडला का वं?"

जावयाने जुन्या पत्त्यावरसुद्धा कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याने मला माहेरी आणून सोडले आणि दुसरी केली. हे काकूंना माहीत होते, कंडक्टरलाही बहुधा माहीत असावे. तरी विहिरीवर, गिरणीत, हळदीकुंकवाला, मयताच्या घरीसुद्धा मला तेच विचारले जाई. त्यात दुष्टपणा नव्हता. विचारपूस केली नाही तर माणूस तुटल्यासारखा वाटतो, म्हणून आमच्याकडचे लोक विचारतात. पण रोज उठून त्याच जखमेवरची खपली किती काढू द्यायची?

म्हणून बदलीचा अर्ज मी स्वतःच केला होता. गावच्या शाळेत मी मास्तरीण होते. जूनपासून बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली. माझ्या ट्रेनिंगच्या मैत्रिणी आता ठिकठिकाणी खेड्यांत शिकवतात आणि मला हमखास विचारतात, जिल्ह्याच्या ठिकाणी राहायला जाण्यात काय फायदा, काय तोटा? त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. फायदे पुष्कळ आहेत. तोटा मला एकच सापडला.

आम्ही दोघेच निघालो होतो, मी आणि माझे वडील. त्यांना सारे गाव नाना म्हणते आणि मीही नानाच म्हणते. नानांना दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, पण डोळे दिसायला धडधाकट, काळेभोर. नवख्या माणसाला समोर बसूनही कळायचे नाही. आई गेली, शेत चुलतभावाकडे बटईने दिलेले. घरच्या ओट्यावर बसणे हाच नानांचा दिवसभराचा उद्योग.

पण तो ओटा म्हणजे कचेरीच होती. नानांची नजर गेल्यापासून गावात आपोआप एक रीत पडली होती. त्यांच्या पुढून जाणारा माणूस रामराम घाली आणि लागलीच आपले नाव सांगे. "राम राम नाना, मी गनपत." "सलाम नाना, उस्मान हाव." सासुरवाशिणी वडीलधाऱ्यांपुढे बोलत नाहीत, तर त्या जाताना बांगड्या वाजवत, आणि नाना म्हणत, "पाटलाची मोठी सून का? जाय माय." ही रीत कोणी घालून दिली नव्हती. दिवेलागणीपर्यंत नानांच्या कानांपुढून सगळे गाव एकदा जाऊन येई.

बेत असा होता की मेच्या सुट्टीत बुलढाण्याला बिऱ्हाड करून पाहायचे. नानांचे तिथे जमले, तर जूनपासून आम्ही बुलढाण्याचे. नाही जमले, तर ती शाळा की वडील, यातले एक मला सोडावे लागणार होते. ते मी गाडीत बसेपर्यंत मनात येऊ दिले नव्हते.

मेहकरला गाडी बदलली. चिखलीच्या गाडीत आमच्या पुढच्या बाकावर हिवऱ्याच्या आश्रमात निघालेले एक म्हातारे जोडपे होते. नानांनी रामराम घातला आणि हिवऱ्याचा फाटा येईपर्यंत त्यांची सोयरीक निघाली. बाईंच्या मावशीचे घर आमच्याच आळीत होते. पुढे एका चढावर गाडीच्या बंबातून वाफ सुटली आणि ड्रायव्हरने गाडी बाभळीखाली लावली. क्लीनर डबा घेऊन कुठल्याशा विहिरीकडे गेला तो बराच वेळ आलाच नाही. उन्हाच्या झळा गाडीत शिरत होत्या. आम्ही भाकरी आणि ठेचा सोडला. शेजाऱ्याने कांदा काढला, मागच्या बाईंनी आंब्याचे लोणचे दिले, आणि डब्यातल्या सांजोऱ्या साऱ्या गाडीत फिरल्या. डबा रिकामा परत आला याचे नानांना फार समाधान वाटले.

"लोकं चांगले हायेत वं," ते माझ्या कानाशी म्हणाले. "मी उगीचच भेलो होतो."

मला इतके हलके वाटले की चिखलीच्या स्टँडवरचा उकळून काळा झालेला चहासुद्धा मी चवीने प्यायले.

चिखली सोडली की रस्ता हळूहळू चढत जातो. उन्हे कलली होती. दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपे, मधूनच उघडे माळ, काळे दगड. आणि मग खिडकीतून पहिली थंड झुळूक आली. खाली सगळे वऱ्हाड भाजून निघत असताना या पठारावर मे महिन्यात संध्याकाळी पदर अंगाभोवती घ्यावासा वाटतो. नानांनी तोंड खिडकीकडे केले आणि चिखलीची धूळ अजून मिशांवर असताना म्हणाले, "हवा तं दवाखान्यासारखी हाय." ही त्यांची स्तुतीच होती.

बुलढाण्यात उतरल्यावर पहिले दिसले ते कडुनिंब. रस्त्याच्या कडेने मोठमोठे कडुनिंब, त्यांच्यामागे कौलारू बंगले, कचेऱ्या, कोर्ट, आणि कोर्टासमोर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेले लोक. रेल्वे नाही, ती गाठायला घाट उतरून मलकापूरला जावे लागते. त्यामुळे गावात येणारा प्रत्येक माणूस कामाने आलेला आणि काम झाले की परत जाणारा. टांगेवाल्याने आमचे सामान एका गल्लीत आणून टाकले, भाडे घेतले आणि घोडा वळवला. आम्ही कोण, कुठले, हे त्याने विचारले नाही. माझ्या ते लगेच लक्षात आले.

आमची खोली जोशीकाकूंच्या घराच्या मागच्या अंगाला होती आणि तिचे दार बोळातून सरळ गल्लीत निघत होते. दाराशी बसायला पुरेल एवढा ओटा होता. काकूंचे यजमान कलेक्टर कचेरीत. काकू कंदील घेऊन आल्या, खोली दाखवली, विजेचे बटण दाबून दाखवले.

"दोघंच ना तुम्ही? नळ पहाटे येतो, लगेच जातो. भरून ठेवत जा."

त्या थांबल्या. मी छातीशी हात घेऊन वाट पाहिली. मिस्टर कुठे असतात, मूलबाळ किती, कपाळावर कुंकू आहे तर सोबत नवरा का नाही. सगळी उत्तरे तयार होती.

"मोरी त्या बाजूला आहे," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

मैत्रिणींनो, बुलढाण्याचा फायदा मी इथेच लिहून टाकते. बाकीचे सारे त्याच्या मागून येते. हो, दिव्याखाली वाचता येते. दवाखाना आहे, वाचनालय आहे, आठवडी बाजारात कोवळी भाजी मिळते, आणि छत्री घेऊन बाई एकटी रस्त्याने गेली तर कोणी वळून पाहत नाही. पाण्याचे हाल आहेत, खोलीत पाय पसरले तर भिंतीला लागतात, दुधाबद्दल गाव म्हणत होते ते खोटे नाही. पण त्या गल्लीत मला कोणी काही विचारले नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. नळावर बायका 'सरका', 'झालं का' एवढेच बोलत. कित्येक वर्षांत मी इतकी शांत झोपले नव्हते. बाजारातून येताना मी चक्क गुणगुणत होते.

आणि नाना ओट्यावर बसून होते.

पहिल्या सकाळी त्यांनी धोतर-सदरा घातला, पागोटे बांधले आणि जाणाऱ्या पहिल्या पावलांना हाक दिली. "राम राम." पावले गेली. दुसरी आली. "राम राम जी." तीही गेली. सायकल गेली. चपला गेल्या. कचेरीची वेळ होती, सारी गल्ली बाहेर पडत होती. मी आत कणीक मळत होते. रामराम ऐकू येत होते, पण उलट जबाब येत नव्हता. घाईत असतील, असे मी म्हटले. नानाही तसेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज चढवला. तिसऱ्या दिवशी पावले ऐकू आली की ते उठून उभे राहू लागले. मग त्यांना वाटले, आपण परके, आपली ओळख नाही म्हणून लोक बोलत नसतील. तेव्हा त्यांनी स्वतःचेच नाव सांगायला सुरुवात केली. "राम राम, मी जानेफयचा नाना. कमलबाई मास्तरनीचा बाप." पावले क्षणभर अडखळत आणि पुढे जात.

गल्लीत एकच माणूस बोलला. देऊळघाटचा एक बागवान आंब्याची पाटी घेऊन दाराशी आला. नानांनी त्याला बसवून घेतले, पाणी पाजले, आंबा कुठल्या मळ्यातला, तुझा बाप काय करायचा, सारे विचारले. तोही मोकळा माणूस, म्हणाला, "चाचा, तुमच्याइतकं कोनी बोलत नाई इथं. लोकं भाव करते आन् आत जाते." तो गेल्यावर नाना आंबे चाचपत हसत बसले. त्या दिवशी रस-पोळी झाली आणि ते पोटभर जेवले. मला वाटले, लागली गाडी रुळावर.

पण त्याच संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावले. मी भांडी आवरून ओट्यावर गेले. गल्लीत पोरे गोट्या खेळत होती.

"कमल, खरं सांगजो. यायले कयलं ना?"

"काय कळलं?"

"तुह्यं. नवऱ्यानं टाकल्याचं."

"कोणाला काही कळलेलं नाही, नाना. कोणी विचारतच नाही."

"हाव. इचारतच नाई." त्यांनी मान हलवली. "आपल्याले वायीत टाकलं हाय यायनं."

मी हसले. खरोखरच हसू आले. वाळीत टाकणे! जिथे आमच्या खोलीत कोण राहते हे पलीकडच्या घराला माहीत नव्हते, तिथे कोण कशाला आम्हाला वाळीत टाकतो? पण नाना हसले नाहीत. ते सावकाश, हिशेब समजावावा तसे सांगू लागले.

"आइक. अनोळखी म्हनावं तं आता इतके दिवस झाले. रोज नाव सांगतो. एकबी माणूस जबाब देत नाई. बाईमाणूस बांगडी वाजवत नाई. घाई हाय म्हनावं, तं लेकराईले काय घाई हाय? तेबी बोलत नाईत. म्हंजे घरातून सांगेल हाय. आन् बागवान काऊन बोलला? तो या गल्लीतला नाई. त्याले कोनी सांगतलं नाई."

यात कुठे खोट काढणार? नाना आमच्या जातीच्या पंचांत बसलेला माणूस. डोळे होते तेव्हा त्यांनी एका घराशी गावाने अबोला धरलेला पाहिला होता. त्या घरच्या म्हाताऱ्याने शेवटी भर रस्त्यात आपले पागोटे पंचांच्या पायांशी ठेवून माफी मागितली, तेव्हा कुठे लोक त्याच्याशी बोलू लागले. नानांच्या उभ्या आयुष्यात माणसांच्या गप्प राहण्याला एवढाच एक अर्थ होता. रागावल्याशिवाय माणूस माणसाशी बोलणे सोडत नाही.

"शहरात असंच असतं, नाना. त्यांचा राग नाही. ते कोणाशीच बोलत नाहीत."

"असं कसं असन वं? इथंबी माणसंच राहतेत ना?"

मी पुष्कळ समजावले. ते ऐकून घेत होते, पण मी त्यांना दुःख होऊ नये म्हणून खोटे सांगते आहे, असे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होते. "तुले बोल नाई लावत माय," ते म्हणाले. "तुह्या काई गुन्हा नाई." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या शहराचा तेव्हा पहिल्यांदा संताप आला. मग लगेच जानेफळचाही आला, कारण ही समज त्यांना तिथेच मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी मला शाळा पाहायला बोलावले होते. नानांचे जेवण झाकून ठेवले, पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताला लावून दिला आणि दुपारी मी निघाले. शाळा सुट्टीमुळे रिकामी होती. लांब ओसरी, मोठ्या खिडक्या, आवारात चिंच. मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या बाई होत्या. त्यांनी मला विचारले, "गणित शिकवाल का? गणिताला कोणी मिळत नाही." मी हो म्हणाले. "मग सातवी तुमची," त्या म्हणाल्या. माझ्याबद्दल त्यांना एवढेच हवे होते. मला गणित येते की नाही! त्यांनी सातवीचा वर्ग उघडून दाखवला. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि रडू येईल की काय असे झाले. आपल्याला या जागी राहायचे आहे, मरेपर्यंत राहायचे आहे, असे मला इतक्या स्पष्टपणे आयुष्यात कधी वाटले नव्हते. परतताना मी मनात नानांशी भांडत होते. सवय होईल, म्हणत होते. कोणाला होत नाही?

कचेऱ्या सुटल्या होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोक सायकलवरून उतरून, काहीतरी चुकवून कडेकडेने जात होते. मी पुढे झाले.

गल्लीच्या मधोमध नाना उभे होते. बोडके. पागोटे सोडून त्यांनी समोर जमिनीवर ठेवले होते आणि दोन्ही हात जोडले होते. येणाऱ्या पावलांकडे तोंड करून ते सांगत होते, "मायबाप हो, माह्या पोरीचा गुन्हा नाई. काई चुकलं असन तं माह्यं चुकलं. पागोटं तुमच्या पायाशी हाय. आमच्याशी बोला, मायबाप."

एक धोतर-कोटातले गृहस्थ थांबले. चेहऱ्याने सज्जन होते, हे मी आजही म्हणेन. त्यांनी खिशात हात घातला, वाकले आणि पागोट्यात नाणे टाकले.

"घ्या बाबा, चहा घ्या," ते म्हणाले आणि गेले.

पागोट्यात आधीचीही नाणी होती, कारण त्यांचे नाणे त्यांवर वाजले. नानांनी तो आवाज ऐकला. त्यांचे तोंड उघडेच राहिले. मग ते हळूहळू खाली बसले, चाचपत पागोट्यापर्यंत गेले आणि आत हात घातला.

पंचांपुढे पागोटे ठेवले की दंड आपण भरायचा असतो. तिथून आपल्याला कोणी काही देत नाही. बोटांना नाणी लागली तेव्हा नानांना सगळे कळले. आपल्याला इथे कोणी वाळीत टाकलेले नाही, हे कळले. आपण इथे कोण आहोत, हेही कळले. ज्याच्या शेतावर दिवाळीला साऱ्या आळीचे जेवण होई, त्या माणसाच्या पागोट्यात लोक चहाला पैसे टाकत होते.

मी धावत गेले. ती नाणी कुठे सांडली मला आठवत नाही. पागोटे उचलून मी त्यांच्या डोक्यावर ठेवले, ते धड बसेना. त्यांना धरून ओट्यावर आणले.

गलबला ऐकून जोशीकाकू बाहेर आल्या. नाना दाराची पायरी पायाने शोधत आत गेले, ते त्यांनी पाहिले आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

"अगोबाई, यांना दिसत नाही?"

"नाही."

"अहो, सांगायचं नाही का! आमचे हे रोज जाता-येता हात जोडतात त्यांना. समोरचे मास्तर तर मान लववून नमस्कार करतात. तुमचे वडील तोंडाने रामराम म्हणतात, पण आम्ही हात जोडले की नुसते सरळ बघत राहतात, म्हणून आम्हाला वाटलं, मोठे मानी आहेत, आपला नमस्कार घेत नाहीत." काकूंचे डोळे भरून आले होते. "आणि आज तर… मला वाटलं, दुसराच कोणी मागायला आलाय गल्लीत."

लोक रोज नमस्कार करत होते. हात जोडून, मान हलवून, हसून, आवाज न करता. शिकलेली माणसे करतात तसा नमस्कार. आमच्या गावात मुका नमस्कार नसतो, म्हणून तो असू शकतो हे नानांच्या स्वप्नातही आले नव्हते, आणि आत कणीक मळणाऱ्या मलाही दिसले नव्हते.

मला केवढा आनंद झाला! आता सांगते ना नानांना, असे झाले. काकू म्हणाल्या, मी आजच साऱ्या गल्लीला सांगते, उद्यापासून सगळे बोलतील. मी आत जाऊन नानांपुढे बसले आणि सारे सांगितले. लोक वाईट नाहीत, कोणाचा राग नाही, सगळे तुम्हाला हात जोडतात.

नानांनी शांतपणे ऐकले.

"म्हंजे कोनाचा राग नाई."

"नाही, नाना."

"वायीत टाकलं असतं तं बरं होतं माय," ते म्हणाले. "माफी मांगता आली असती. इथं कोनी काई केलंच नाई. मंग मी कोनाले काय म्हनू?"

उद्यापासून लोक बोलतील, असे मी पुन्हा म्हणाले.

"हाव. आंधयाशी बोलतीन." त्यांनी भिंतीकडे तोंड केले. "मले गावाले सोड. तू राय इथंच. तुले इथं बरं वाटते. मले तुह्या आवाजात ऐकू येते."

मला तिथे बरे वाटत होते हे खरे होते. ज्या गप्पपणात मी इतक्या वर्षांनी श्वास घेत होते, त्याच गप्पपणात ते बुडत होते. यात कोणाची चूक काढायची? चूक सापडली असती तर मी भांडून तरी मोकळी झाले असते. बुलढाण्यात उशीवर डोके टेकून मी पहिल्यांदाच रडले, आणि नाना जागे आहेत हे मला माहीत होते.

परतीच्या गाडीत ते कोणाशी बोलले नाहीत. चिखलीला शेजारी बसलेल्या माणसाने आपणहून विचारले, कुठून आले बाबा? नाना म्हणाले, "बुलडाण्याहून," आणि गप्प बसले. मेहकरला मी भजी घेतली, ती तशीच कागदात तेल सोडत राहिली. पठार मागे पडले होते आणि गाडीत पुन्हा भट्टी पेटली होती.

जानेफळला उतरलो आणि क्षणात माणसे जमली. मला जे विचारायचे ते विचारून झाले. सखूकाकूंनी नानांना विचारले, "काऊन नाना, इतक्या लौकर? करमलं नाई का?"

मी मान खाली घातली. आता सारे बाहेर येणार, शहराने म्हाताऱ्याची काय दशा केली ते गावभर होणार.

"लई चांगलं हाय," नाना म्हणाले. त्यांचा आवाज मोठा होता, ओट्यावरचा. "हवा थंड. लाइट हाय. अन् लोकं तं असे, का जाता-येता माणूस बोलल्याबिगर जात नाई. मलेच सांजसकाय बोलून बोलून कटाया आला. कमल राईन तिथं. तिची कायजी नोका करू कोनी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांनी आयुष्यात माझ्या माहितीत बोललेले हे पहिले खोटे होते आणि ते त्यांनी माझी वाट मोकळी करायला बोलले होते. आता मी गेले तरी गाव मला बोल लावणार नव्हते. थांबायला मला काही निमित्तच त्यांनी ठेवले नाही.

चुलतभावजयीकडे त्यांच्या दोन वेळच्या भाकरीची सोय लावली. शाळा उघडायच्या आधी मी एकटी त्याच वाटेने बुलढाण्याला आले. सातवीला गणित शिकवते. मुली हुशार आहेत. मुख्याध्यापिका माझ्यावर खूश आहेत. हवा थंड आहे, वीज आहे, आणि रविवारी वाचनालयातून पुस्तके आणून दिव्याखाली वाचत बसते. यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. ज्यांना काही झाकायचे आहे त्यांना ही जागा फार चांगली.

जोशीकाकू पावसाळ्यासाठी माहेरी गेल्या आहेत. गल्ली तीच आहे, माणसे तीच. समोरचे मास्तर रोज दिसतात आणि हात जोडतात. मीही जोडते. शाळेतून येताना मी मुद्दाम सावकाश चालते, एखाद्याच्या तोंडाकडे जरा जास्तच पाहते, ओट्यावर उगाचच थोडी थांबते. इतके दिवस झाले, पण इथे बसणारे ते म्हातारे कुठे गेले, हे मला अजून कोणी विचारलेले नाही.